बारा वाजले तरी

५ जानेवारी १९८२. सेऊलच्या मापो भागातल्या एका गल्लीत तुम्ही दार सरकवून आत शिरता आणि चष्म्यावर वाफ धरते. बाहेर हान नदीवरचं बोचरं वारं. आत टेबलांऐवजी तेलाचे रिकामे ड्रम. वर गोल पत्रा, पत्र्याच्या मधोमध भोक, भोकात निखारे. डुगडुगत्या स्टुलावर बसा. कोटाला धुराचा वास लागेल, त्याला इलाज नाही.

मालकीणबाई, म्हणजे आजुम्मा, न विचारताच किमची, लसूण, हिरव्या मिरच्या आणि लेट्यूसची पानं आणून आदळते. याचे पैसे पडत नाहीत. मग येतात सोया सॉस, साखर आणि लसणात मुरलेल्या डुकराच्या बरगड्या. हाडाभोवतीचं मांस उलगडून जाळीवर पडतं, चर्रर्र होतं. साखरेमुळे ते पटकन करपतं, म्हणून गप्पा मारतानाही सगळ्यांचं लक्ष जाळीवर. आजुम्मा कात्रीने तुकडे करते. पानात एक तुकडा, लसणाची पाकळी, चिमूटभर सामजांग ही सोयाबीनची तिखट चटणी. विड्यासारखं दुमडून अख्खं तोंडात. अर्धं तोडायचं नाही.

शेजारचे वयस्कर गृहस्थ तुम्हाला सोजू, म्हणजे इथली दारू, ओततात. पेला दोन्ही हातांनी धरा आणि मान बाजूला वळवून प्या. थोरांच्या तोंडावर पीत नाहीत. ही सोजू तांदळाची नाही. सोजूसाठी तांदूळ वापरायला १९६५ पासून बंदी, त्यामुळे रताळ्याबिताळ्याच्या स्पिरिटमध्ये पाणी घालून केलेली, २५ टक्क्यांची. एरवी मी तिला हात लावला नसता. करपल्या चरबीवर मात्र तीच हवी.

सव्वाअकराला सगळ्या माना घड्याळाकडे वळतात. सवय! सप्टेंबर १९४५ पासून इथं रात्रीची संचारबंदी असायची, अलीकडे मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत. या वेळेला माणसं उरलेलं मांस कसंबसं गिळून शेवटच्या बससाठी धावत सुटायची. जो सापडला, त्याची रात्र पोलीस चौकीत. आज ती बंदी, सीमेलगतचे आणि किनाऱ्यालगतचे भाग वगळता, उठली. १९८८चं ऑलिम्पिक पदरात पडलेलं आहे, रात्री कुलूपबंद होणारं शहर पाहुण्यांना कसं दाखवणार? राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांनी रात्र मोकळी केली, तोंडं नाही. दीड वर्षापूर्वी ग्वांगजूत सैन्याने माणसं मारली, त्याबद्दल या ड्रमभोवती कोणी अवाक्षर काढत नाही.

बारा वाजतात. कोणी उठत नाही. वयस्कर गृहस्थ दोन बोटं वर करतात: आणखी दोन प्लेट. आजुम्मा वैतागते. उद्याच्या बरगड्या मुरवायच्या राहिल्यात, आणि ही मंडळी घरी जाणार कधी? बडबडतच ती निखारे बदलते.