कालवांचा मारेकरी कोण?

कुंभिवली समुद्रापासून दूर. पण खालापूरची पाताळगंगा शेवटी धरमतरच्या खाडीलाच मिळते, आणि तिच्या काठी कारखाने आहेत. म्हणून खाडीतली कालवे मेली तर दोष कुणाचा, हा प्रश्न मला परका वाटत नाही. तो एकदा अमेरिकेत कोर्टात गेला होता.

१९४०च्या दशकात लुइझियानाच्या किनाऱ्यावर कालवे मोठ्या प्रमाणावर मरू लागली. कालवांच्या बागायतदारांनी तेल कंपन्यांवर दावे लावले. कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. १९५० साली मॅकिन, ओवेन आणि कॉलियर यांनी कालवांच्या मांसात एक परजीवी दाखवला. ती बुरशी समजून तिचे नाव ठेवले ‘डर्मोसिस्टिडियम मरिनम’.

आरोपीच्या पैशातून निघालेल्या निष्कर्षावर विश्वास का ठेवायचा? १९५२ साली सॅमी रे यांनी सोपी चाचणी दिली. कालवाचा तुकडा पोषक द्रवात काही दिवस ठेवून वर आयोडीन घातले की परजीवीच्या फुगलेल्या पेशी निळ्या-काळ्या दिसतात. आता कुणालाही पडताळा घेता येऊ लागला, आणि शोध टिकला.

बुरशीचा समज मात्र टिकला नाही. १९७८मध्ये त्याचे ‘पर्किन्सस’ झाले. आज तो डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म शैवालांचा भाऊबंद मानला जातो. त्याचा सख्खा ‘पर्किन्सस ओल्सेनी’ भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोत्यांच्या कालवांतही सापडला आहे.

परजीवी सापडला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही, आणि पाणी गढूळ म्हणून कारखाना दोषी ठरत नाही. खाडीचा न्याय करायचा तर दोन्ही नमुने तपासायला हवेत.