मातीकडून गादीकडे : कोल्हापूरच्या मल्लविद्येतील नवख्यांची कसोटी (१९४८–१९५२)

प्रास्ताविक

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. राजर्षी शाहू महाराजांचा उदार आश्रय, १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान, मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी यांसारख्या तालमी आणि तेथून निघालेले नामांकित मल्ल या क्रमाने ही हकीकत सांगण्याचा प्रघात आहे. तथापि मातीत तयार झालेला मल्ल आंतरराष्ट्रीय गादीवर प्रथम उभा राहिला तेव्हा त्याची अवस्था एखाद्या नवशिक्यासारखी का झाली, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या १९४८ व १९५२ या दोन ऑलिंपिक स्पर्धांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

हौद्यातील शिक्षण

१९०२ मध्ये इंग्लंडच्या राज्यारोहण समारंभास गेलेल्या शाहू महाराजांनी रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. या मैदानात हौदा मध्यभागी आणि प्रेक्षक सभोवार चढत्या पायऱ्यांवर, अशी रचना आहे. कुस्तीचा निकाल प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा, हे या रचनेमागील तत्त्व होय. मातीतील कुस्तीचा नियमही तितकाच उघड आहे. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. गुणांचा हिशेब नाही, घड्याळाचा धाक बेताचाच. पंचाने कौल द्यावा आणि तो प्रेक्षकांना समजू नये, असा प्रसंग सहसा येत नसे.

नियम सोपा असला तरी विद्या सोपी नव्हती. तालमीत दाखल झालेल्या पोराला आधी माती खणावी लागे, मग जोर-बैठका, मग वडीलधाऱ्या मल्लांची अंगमेहनत. डाव शिकवण्याची वेळ फार उशिरा येई. ढाक, घिस्सा, टांग, एकेरी पट, कलाजंग, मोळी हे डाव कोणत्याही ग्रंथातून शिकवले जात नसत. वस्ताद हात धरून ते अंगात उतरवीत. ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती पायाला आधार देई. घामाने अंग निसरडे झाले की मूठभर माती टाकून पकड पुन्हा मिळवता येई. खडाखडीत प्रतिस्पर्ध्याचा दम जोखण्यास वेळ मिळे. जोड वस्तादाच्या नजरेने ठरे, वजनाच्या काट्याने नव्हे. म्हणजे ज्ञान पुष्कळ होते, परंतु ते सारे शरीरात आणि मौखिक परंपरेत होते. छापील नियमपुस्तक या विद्येला कधी लागलेच नव्हते.

लंडन, १९४८

कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा मल्लांच्या घरातील होते. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. लंडन ऑलिंपिकसाठी त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे ५२ किलो वजनगटात ते उतरले आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी गादीवर कुस्ती खेळण्याचा अनुभव त्यांना प्रथमच येत होता. पायाखाली माती नव्हती, अंगावर टाकण्यास माती नव्हती, आणि पायांत बूट होते. अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, पण हाताशी असलेला अवधी तुटपुंजा होता.

खरी अडचण गादीची नव्हती, स्पर्धापद्धतीची होती. त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत दोषगुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्यास चीतपट करणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नसे. पंचांच्या निर्णयावर जिंकणाऱ्याच्या नावावर मात्र एक दोषगुण चढे. पराभूताच्या नावावर अधिक. पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. जिंकूनही दोष लागतो ही कल्पना खासबागच्या प्रेक्षकाला समजावून सांगणे कठीण गेले असते! मल्लाला तर ती चालू लढतीत, थकलेल्या अवस्थेत ध्यानात ठेवावयाची होती.

तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस यांना पहिल्या काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगन यांच्यावरही मात केली. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. मातीच्या कुस्तीमुळे भारतीय मल्ल मागे पडतो, असे मत पुढे पुष्कळदा मांडले गेले. त्या मताला या निकालाचा आधार मिळत नाही. हॅरिस यांच्यावरील झटपट विजय मातीत कमावलेल्या विद्येनेच मिळवला होता. उणीव होती ती त्या विद्येचा नव्या नियमांत किती व केव्हा उपयोग करावयाचा, या हिशेबाची.

हेलसिंकी, १९५२

पुढील चार वर्षांत खाशाबा ५७ किलो गटात गेले. निवडीच्या वेळी गुणांच्या निवाड्यावरूनच वाद झाला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेतील निकालाविरुद्ध त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा झालेल्या लढतीत निरंजन दास यांना चीतपट करून संघात स्थान मिळवले. पैशाचा प्रश्न उरला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने एवढे करावे, ही गोष्ट महाविद्यालयीन शिक्षकांना आजही विचारात टाकणारी आहे.

हेलसिंकीत कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना हरवीत खाशाबा पदकाच्या टप्प्यापर्यंत आले. जपानचे शोहाची इशीई यांच्याबरोबरची लांबलेली लढत त्यांनी गमावली. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण हा नियम पुढे करून आक्षेप घेणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता आणि थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव यांच्यासमोर उभे राहावे लागले, असे सांगितले जाते. ती लढतही गेली. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक निश्चित झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात महाराष्ट्राचेच माणगावे चौथे आले, याची आठवण फारशी काढली जात नाही.

सुवर्णपदक जिंकणारे इशीई हेही एका अर्थाने नवखेच होते. ते मूळचे जुदोपटू. युद्धानंतरच्या परकीय ताब्याच्या काळात जपानमध्ये जुदोवर निर्बंध आले, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. एका परंपरेतून दुसऱ्या नियमव्यवस्थेत जाणे अशक्य नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. फरक मल्लाच्या पाठीशी उभ्या असलेल्या व्यवस्थेचा असतो. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, नियमांचे वाचन, वेळेवर घेतलेला आक्षेप ही कामे गादीवर उभ्या असलेल्या एकट्या माणसाने करावयाची नसतात. कोल्हापूरने खाशाबांना विद्या दिली, पैसा दिला. नियम जाणणारा माणूस त्यांच्या शेजारी उभा करणे हे कोल्हापूरच्या हातात नव्हते.

नंतरचा काळ

मोतीबाग तालमीत घडलेले गणपतराव आंदळकर आणि सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. त्यांत ग्रीको-रोमन प्रकाराचीही पदके होती. कमरेखाली पकड करण्यास या प्रकारात मनाई असते. पट आणि टांग यांवर वाढलेल्या मल्लाने ते डाव बाजूला ठेवून जिंकावे, हे परिश्रम नोंद घेण्याजोगे आहेत.

खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात रुजू झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दरम्यान गादीचे नियम स्थिर राहिले नाहीत. २००५ च्या सुमारास दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आल्या. २०१३ मध्ये त्या रद्द होऊन तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण अशी पद्धत ठरली. अर्थात मधल्या काळात शिकलेल्या मल्लाला पुन्हा नव्याने शिकावे लागले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंतील विजेत्यांत किताबाची लढत होते. कोल्हापुरातील तालमीत येणारा मुलगा पहाटे हौद्यात उतरतो आणि संध्याकाळी गादीवर. वस्तादाने कानात सांगितलेला डाव तो एकीकडे घोटवतो आणि दुसरीकडे त्याच डावाला किती गुण मिळतात, हे पाठ करतो.