सुटण्यासाठी जन्मलेला चिकटा

कवठे महांकाळात जुनी मोटारसायकल विकत घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाचं सगळं गणगोत घरी येतं. टाकीवर त्याच्या लेकीचं नाव, व्हायझरवर देवी महांकाली, मडगार्डवर गावाचं नाव, टूलबॉक्सवर मागच्या कुठल्यातरी निवडणुकीतलं चिन्ह आणि पाठीमागं मिरजेच्या नाहीतर सांगलीच्या डीलरची पट्टी. आरटीओच्या कागदावर गाडी आपल्या नावावर होते, पण आपली वाटू लागते ती हे सारं उतरल्यावर. घात होतो तो नेमका तिथंच. आधी नखानं कड उचलायचा प्रयत्न होतो, स्टिकर मधेच फाटतो, मग ब्लेड येतं, ब्लेडनं आवरेना म्हणून थिनरची बाटली उघडते, आणि संध्याकाळपर्यंत रंगाचे पोपडे निघून टाकीचा पत्रा उघडा पडतो.

रंगाला धक्का न लावता त्यावर चिकटवलेलं काढायचं कसं, हा प्रश्न स्टिकरच्याही आधीचा आहे. एवढंच नाही, आज आपण ज्याला स्टिकर म्हणतो त्याचं कुळ याच प्रश्नातून निघालं.

१९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस आली. वर एक रंग, खाली दुसरा आणि मधे सरळ रेघ. ती रेघ साधायची म्हणजे एक रंग झाकून दुसरा मारायचा. गॅरेजमधले रंगारी त्यासाठी वर्तमानपत्राचा कागद खळीनं डकवत, नाहीतर दवाखान्यातली चिकटपट्टी वापरत. रंग मारून झाला की झाकण काढायचं, आणि त्याबरोबर नुकताच दिलेला रंगही उपटून यायचा. सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू नावाचा तरुण अशा गॅरेजांत पॉलिशपेपरचे नमुने तपासायला द्यायला जात असे. त्याची कंपनी, म्हणजे आजची थ्रीएम, तेव्हा पॉलिशपेपर बनवणारी म्हणून ओळखली जायची. चिकटपट्ट्यांशी तिचा संबंध नव्हता. रंगाऱ्यांची चिडचिड कानावर पडली आणि ड्रूनं ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कंपनीच्या वरिष्ठांनी त्याला मूळ कामाकडं वळायला सांगितलं होतं, तरी त्यानं नाद सोडला नाही. अखेर १९२५ मध्ये चुणीदार कागदावर सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळून केलेला चिकटा लावून त्यानं मास्किंग टेप तयार केली. सरस एकटा लावला तर तो वाळून दगड होतो. ग्लिसरीननं त्याला ओलसर, नरम ठेवलं. ड्रूचं मोठेपण मला इथं दिसतं. घट्ट चिकटणारं काहीतरी शोधणं तुलनेनं सोपं होतं. त्यानं शोधलं ते वेळ आली की सोडून देणारं.

दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, लॉस एंजेलिसला स्टँटन एव्हरीनं पाठीमागं आयता चिकटा असलेली लेबलं काढली. होणाऱ्या बायकोकडून शंभर डॉलर उसने घेऊन आणि शिलाई मशिनचे सुटे भाग जोडून त्यानं यंत्र बनवलं होतं. भेटवस्तूंच्या दुकानांत किंमत डकवायची तर गिऱ्हाइकानं घरी जाऊन ती काढल्यावर वस्तूवर डाग राहता कामा नये, हा त्याचा आग्रह. कंपनीचं नावच त्यानं ‘कम क्लीन’ ठेवलं, म्हणजे ‘स्वच्छ निघतं’. आपण टाकीवर ब्लेड चालवतो तेव्हा या वस्तूचा पहिला गुणच विसरलेलो असतो.

राहिला वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा उपाय शोधत होता. पीव्हीसी तेलकट द्रावकात तापवल्यावर त्याच्या हाती मऊ, लवचीक व्हायनिल लागलं. ते धातूला चिकटेना. पुढं त्याच व्हायनिलच्या पाठीला चिकटा लागला आणि ते जगभरच्या गाड्यांच्या पत्र्यावर जाऊन बसलं.

आपल्याकडं मात्र बराच काळ मोटारसायकलीवर ब्रशचं राज्य होतं. १९५०च्या दशकात मद्रासला बुलेट बनू लागली. तिच्या टाकीवरची सोनेरी रेघ हातानं ओढली जायची, आणि ती परंपरा कंपनीनं आजवर जपली आहे. राजदूत, येझदी यांच्यावर मालकाचं नाव टाकायचं तर तालुक्याच्या पेंटरकडं जावं लागे. त्याची अक्षरं इनॅमलची, रंगात रंग मिसळलेली. ती काढायची तर घासायची, आणि घासली की टाकी पुन्हा रंगवायची. म्हणून लोक नाव घालताना विचार करत.

१९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. त्यांच्या टाकीवरचे पट्टे आणि नावं कारखान्यातूनच स्टिकरची यायची. तिकडं अमेरिकेत गर्बर कंपनीनं १९८३ मध्ये संगणकानं व्हायनिल कापणारं यंत्र काढलं. त्याची धाकटी भावंडं हळूहळू आपल्या तालुक्यांपर्यंत पोचली आणि स्टँडजवळ रेडियमची, म्हणजे स्टिकर कापून देणारी, दुकानं उभी राहिली. आता नाव घालायला दहा मिनिटं पुरतात. काढायला किती लागतात, हे दुकानात कुणी विचारत नाही.

ते काढण्याची रीत चिकट्याच्या स्वभावातूनच येते. हा चिकटा धड पातळ नाही, धड घट्ट नाही. सावकाश ओढला तर तो मधासारखा ताणतो आणि सुटतो. हिसका दिला तर क्षणभर घट्ट होतो आणि जिथं धरलंय तिथलं घेऊन येतो, मग तो रंग का असेना. टाकीवरचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतात. हिसका सोसण्याइतकं तिथं काहीच नसतं.

म्हणून आधी ऊब. कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं स्टिकरवर पाच-दहा मिनिटं धरावं, किंवा केस वाळवायचा ड्रायर फिरवता ठेवावा. पत्र्याला हात लावता आला पाहिजे, इतपतच. कवठे महांकाळच्या एप्रिलात दुपारी उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. फार तापवलं तर चिकटा वितळून रंगावरच राहतो आणि नुसता पापुद्रा हातात येतो, म्हणून हे काम गाडी उन्हातून सावलीत आणल्यावर थोडं थांबून करावं. मग कड जुन्या एटीएम कार्डानं उचलायची आणि स्टिकर स्वतःवरच दुमडून, टाकीला समांतर, हळू मागं ओढत न्यायचा. आपल्याकडं उभा खेचायचा नाही. उठावाची अक्षरं असतील तर त्यांच्यामागं मासेमारीची तंगूस घालून करवतीसारखी पुढं-मागं करावी. पाच-सात उन्हाळे खाल्लेला स्टिकर मात्र एकसंध निघत नाही. व्हायनिल मऊ ठेवणारं तेल त्यातून निघून गेलेलं असतं आणि त्याचे कपटे पडतात. तिथं दुसरा इलाज नाही, प्रत्येक कपट्याला पुन्हा ऊब द्यायची.

मागं राहिलेला चिकटा तेलानं काढायचा. हे इथल्या बेदाणा करणाऱ्याला वेगळं समजावायला नको. थॉमसनची द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी तो पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, ते सालीवरचा मेणाचा थर सैल करण्यासाठी. पाण्याला वाट मिळते आणि साल मात्र अखंड राहते. टाकीवर तोच विवेक हवा: वरचं सैल व्हावं, खालच्याला कळू नये. फडक्यावर रॉकेल नाहीतर खोबरेल तेल घेऊन चिकट्यावर दाबून धरायचं, थांबायचं, मग पुसायचं. पहिल्या खेपेला न निघालं तर दुसऱ्या खेपेला निघतं. शेवटी साबणाच्या पाण्यानं तेल धुऊन टाकायचं, कारण त्यावर धूळ बसते आणि पॉलिश धरत नाही.

थिनरबद्दल मी हट्टी आहे. कारखान्यातला भट्टीत भाजलेला रंग थिनरचा एखादा हात सोसेलही. पण जुनी गाडी मधे कधीतरी स्थानिक पेंटरकडं जाऊन आलेली असते, आणि तिथं मारलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग कैक वर्षांनंतरही थिनरमध्ये विरघळतो, कारण तो मुळात थिनर उडून गेल्यानंच वाळलेला असतो. प्लॅस्टिकचे साइड पॅनेल आणि व्हायझर तर थिनरनं पांढरे पडतात, कधी तडकतात. शंका असेल तर सीटखाली, न दिसणाऱ्या जागी फडकं टेकवून बघावं. फडक्याला रंग लागला तर बाटली बंद करावी.

सगळं नीट झालं तरी कधीकधी नाव उरतंच. स्टिकरखालचा रंग ताजा असतो, आजूबाजूचा उन्हानं विटलेला, लाल गाडीवर सगळ्यांत जास्त. पॉलिशनं विटलेला वरचा थर थोडा निघतो आणि फरक मंदावतो, पूर्ण जात नाही. तो घासून घालवायच्या नादात वरचं पारदर्शक लॅकर संपवू नये. पुढच्या उन्हाळ्यांत उघडी पडलेली जागाही हळूहळू बरीचशी जुळून येते.

आणि सुरुवात करण्याआधी एकदा स्टिकरच्या कडेवरून नख फिरवावं. काही कंपन्या टाकीवरचं नाव आणि पट्टे लॅकरच्या खाली बसवतात. तिथं नखाला कड लागत नाही. तो स्टिकर ऊब देऊन सुटत नाही, तेलानं सुटत नाही, कारण तो रंगाचाच एक थर झालेला असतो. तो काढायचा म्हणजे टाकी घासून पुन्हा रंगवायची. ते काम पेंटरचं आहे, आणि तसा खर्च करायची तयारी नसेल तर कंपनीचे पट्टे आहेत तिथंच राहू द्यावेत.