अग्रबाहूचे आकोचक स्नायू व मनगटाच्या कंडरा

कोपरापासून मनगटापर्यंत, तळहाताकडील बाजूस असलेला 8 स्नायूंचा समूह. यांतले दोन मुख्यतः हात पालथा करतात, उरलेले मनगट व बोटे आत वाकवतात. उथळ स्नायूंचा सामाईक उगम कोपराच्या आतल्या उंचवट्यावर आहे. बोटांत मात्र स्नायू नसतात. डाव्या अग्रबाहूवर उजवा हात ठेवून डावी मूठ मिटली, तर कोपराखाली मांस हलताना लागते. बोटे ओढली जातात ती तिथून. प्रत्येक बोटाला दोन कंडरा येतात. उथळ आकोचकाची कंडरा पहिल्या पेरावर दुभंगून मधल्या पेराला चिकटते आणि त्या फटीतून खोल आकोचकाची कंडरा टोकाच्या पेरापर्यंत जाते. दीर्घ करतल हा स्नायू तर साधारण सातांत एका माणसाला नसतोच आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवले की त्याची दोरी मनगटाच्या मधोमध उठून दिसते. न दिसल्यास ती बहुधा नाही.

बोटांच्या 8 आणि अंगठ्याची 1 अशा 9 कंडरा मनगटाच्या हाडांची कमान व तिच्यावरचा जाड पट्टा यांमधल्या अरुंद बोगद्यातून जातात. त्यांच्या सोबतीला मध्य तंत्रिका असते. गोंदिया जिल्ह्यात या रचनेचे महत्त्व तेंदूपत्ता आणि विडी यांमुळे कळते. भिजवलेला पत्ता फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचा, तंबाखू पसरून वळायचा, दोरा बांधायचा, तोंड मोडायचे. मजुरी दर हजारी. एका विडीमागे बोटे चारदाच वाकली असे धरले, तरी हजारामागे 4,000 वेळा त्या कंडरा बोगद्यात सरकतात. जोर नगण्य असतो, मग इजा कशी, हा आक्षेप रास्त वाटतो. पण तो पकड आणि घर्षण एकच मानतो. कंडरेभोवतीचे आवरण वारंवारतेने सुजते, बोगदा काही रुंदावत नाही आणि दाब पडतो तो मऊ तंत्रिकेवर. त्यात मनगट वाकलेले असेल तर दुहेरी तोटा. मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब अगदी कमी असतो, पूर्ण वाकवल्यावर तो पाऱ्याच्या 30 मिलिमीटरच्या आसपास जातो. शिवाय वाकल्या मनगटात आकोचक आधीच आखडलेले असल्याने मूठ ढिली पडते आणि तेवढीच पकड ठेवायला स्नायूंना जादा ताण घ्यावा लागतो. मूठ आवळून मनगट आत वाकवून पाहिले की हे लगेच पटते.

नाजूक वळण तर तळहातातले छोटे स्नायू देतात, असेही कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण अर्धेच: चिमटीत टोकाची पेरे वाकलेली धरतात ती खोल आकोचक व अंगठ्याच्या दीर्घ आकोचकाच्या कंडराच. अधिक वजनदार आक्षेप असा की बोगद्याचा हा विकार मध्यमवयीन स्त्रियांत तसाही अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण ही त्याची ज्ञात कारणे आहेत आणि विडी वळणाऱ्या मुख्यतः स्त्रियाच. म्हणून केवळ मनगट दुखते यावरून कामाला दोषी धरणे चूक. मात्र यातले एक कारण दुसऱ्याला रद्द करत नाही. आधीच अरुंद झालेल्या बोगद्यात कामाची भर लवकर जाणवते. त्यातून रोवणीच्या दिवसांत त्याच हातांना पऱ्हे उपटून चिखलात रोवायचे असतात.

ओळखीची खूण शरीररचनेतूनच मिळते. रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते. करंगळी वाचते, कारण तिची तंत्रिका बोगद्याबाहेरून येते. तळहाताच्या मध्यावरची त्वचाही शाबूत राहते, तिची शाखा पट्ट्याच्या वरून जाते म्हणून. करंगळीही बधिर असेल तर कारण कोपरात किंवा मानेत शोधावे. सुरुवातीच्या अवस्थेत झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधतात. दिवसा ती बांधून विडी वळता येत नाही.