मुक्कामाचं गाणं

पायातलं काढून ठेवा आणि ओसरीच्या कडेला टेका. बोलू नका, आत तालीम चालू आहे.

हे जळगावच आहे, पण तुमच्या ओळखीचं नव्हे. अजून ते जिल्ह्याचं ठिकाणही झालेलं नाही. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली होतील. तोवर सगळा कारभार धुळ्याहून. एकोणिसावं शतक सरत आलंय. जिनमधून उडालेला कापसाचा तूस तुमच्या बाहीवर येऊन बसतोय. आत मेहबूबखाँ नऊ-दहा वर्षांच्या एका पोराकडून तीच ती जागा पुन्हा पुन्हा घोटून घेतायत. पोर नातलगांकडे राहायला आलेला आहे. नाव नारायण श्रीपाद राजहंस. जागा त्याच्या गळ्यात केव्हाच बसली आहे, तुम्हालाही कळतं ते. पण खाँसाहेबांना एवढ्यावर थांबायचं नाही.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. पुण्यात लोकमान्यांच्या कानावर पडणारं गाणं आणि त्यातून मिळालेलं ‘बालगंधर्व’ हे नाव, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीतला प्रवेश, शकुंतला, १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. आता हे सारं बाहेर रस्त्यावरून गाठोडं घेऊन चाललेल्या हमालाला सांगून बघा. तो म्हणेल, ‘हो भाऊ, पन जरा बाजूले सरका, वझं जड हाये.’

त्याचंही बरोबर आहे. गाणं हा खानदेशाचा घरचा धंदा कधी नव्हताच. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही घराण्यांची नावं. उस्ताद आणि बुवा स्थिरावले ते मिरजेला, कोल्हापूरला, पुण्या-मुंबईला. इकडे गाणं मुक्कामाला यायचं आणि पुढच्या गाडीनं जायचं. त्यामुळे इथल्या रसिकाला निव्वळ श्रोता होऊन भागलं नाही, त्याला यजमानही व्हावं लागलं. माझ्या मते खानदेशातल्या मैफलींची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. आणि ती कळायला तुम्हाला थोडं राबावं लागेल. उठा.

चाळीसगावला गाडी बदला. धुळ्याचा फाटा १९०० साली सुरू झाला आणि नाटक कंपन्यांची सोय झाली. आता साल असेल विसाच्या आसपासचं. दिवाळी होऊन गेलीय, वेचणी जोरात आहे, कापसाचा पहिला पैसा हातात आलाय. कंपन्या या दिवसांत येतात त्याला हेच कारण, कलेचा ऋतू वगैरे काही नाही. वैशाखात या भागात कोण गाईल आणि कोण ऐकेल?

धुळे स्टेशनात डब्यांतून उतरणारं सामान बघा. गुंडाळलेले पडदे, पेटारे, तबल्याच्या पेट्या, आणि चौघांनी मिळून उचलावा लागणारा ऑर्गन. समजा, पेटाऱ्यांवर नाव गंधर्व मंडळीचं आहे. गावातल्या पाच-सहा शौकिनांनी कंपनीच्या बिऱ्हाडाची व्यवस्था अंगावर घेतलीय, आणि नकळत तुम्हीही त्यांच्यातले एक झाला आहात. कुणी पाणी तापवायची हंडी आणतोय, कुणी दूध लावतोय. तुमच्याकडे काम आलंय बैलगाड्या जमवायचं. ‘ऑर्गनला धक्का लागला तर नाटक तुम्ही करायचं,’ असं कंपनीचा माणूस बजावतो आणि तुम्ही सबंध रस्ता गाडीच्या मागून पायी चालता.

रात्री नाटक ‘स्वयंवर’. खेड्यापाड्यांतून दमण्या आल्यात, बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकलाय. आत खुर्च्यांवर वकील आणि व्यापारी, बायकांची बसायची जागा वेगळी, पिटात उरलेला सगळा गाव. तुम्ही पिटात बसा. तिथे घामाचा आणि विडीचा वास आहे, पण ऐकणारे तिथेच आहेत. तिसरी घंटा. नांदी. पडदा वर जातो आणि किटसनच्या बत्तीच्या पांढऱ्या उजेडात बालगंधर्वांची रुक्मिणी उभी राहते. शालू खरा आहे, जर खरी आहे. या मंडळीनं खोट्यावर कधी भागवलं नाही, आणि त्यापायी डोक्यावर केवढं कर्ज चढवून घेतलं हे तुम्हाला माहीतच आहे.

मग यमनमधलं पद सुरू होतं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे मुळात ख्यालाच्या बंदिशी. तुमच्या शेजारी बसलेल्या कास्तकाराला यमन हे नावही माहीत नाही. पण तीव्र मध्यमावरून आवाज वर सरकतो तेव्हा त्याचा हात मांडीवर अर्ध्यातच थांबतो. पद संपतं. ‘वन्समोअर!’ रुक्मिणी पुन्हा तेच गाते. तेच म्हणजे शब्द तेच, जागा सगळ्या नव्या. पुन्हा वन्समोअर. कृष्णाला यायला उशीर होतोय याची कुणालाच फिकीर नाही. तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष अशी साथ ज्या कंपनीनं पदरी बाळगली, तिच्या नाटकात कथानकानं थोडं थांबायला हरकत नसावी. शास्त्रोक्त गाणं खानदेशच्या शेतकऱ्याच्या कानी आलं ते या वाटेनं. त्यासाठी त्याला ना दिवाणखान्याचं आमंत्रण लागलं, ना रागाची ओळख. पिटाचं तिकीट काढलं की झालं. संगीत नाटकानं ख्याल पातळ केला अशी नाकं मुरडणाऱ्यांना एकदा या पिटात आणून बसवायला हवं.

नाटक सुटतं तेव्हा पूर्वेला उजाडलेलं असतं. कास्तकार बैल जुंपता जुंपता नाकातल्या नाकात काहीतरी घोळवतोय. स्वर चुकीचे आहेत. चाल बरोबर आहे.

पुढचा थांबा थोडक्यात, कारण तिथे तुम्हाला मुळात बोलावणंच नाही. तापीकाठचं थाळनेर. फारूकी सुलतानांच्या कबरी, पडका किल्ला, आणि गावात हरिदास रामदास लाड या गुजराती शेठजींचं घर. त्यांच्या दोन मुली, एकीच्या मागून दुसरी, मास्टर दीनानाथ मंगेशकरांना दिलेल्या. आता तिसाचं दशक आहे. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी गावोगाव फिरते आहे, आणि दारामागून तुम्ही जे ऐकताय ते नाटकातलं नाही. आजी पावागडचे गरबे म्हणते आहे आणि नात ऐकते आहे. नात इंदूरला जन्मली, १९२९ साली. साथीला काही नाही, टाळीचा ठेका तेवढा. ही नात पुढे कंपनीतला नट आला नाही म्हणून वडिलांसमोर ‘सौभद्रा’तला नारद उभा करील, आणि त्यापुढचं तर सांगायलाच नको. लता मंगेशकरांच्या गळ्यातल्या गुजराती लोकगीतांचा उगम या आजीपाशी आहे. आपण मैफलींच्या आठवणी काढताना तिकिटाच्या तेवढ्या मोजतो. अशा हिशेबाबाहेर राहतात. चला, कुणी बघायच्या आत निघू.

मधली वर्षं भराभर ओलांडा. गणपतीतली गाणी, शाळेच्या मैदानावर ताडपत्री अंथरून झालेल्या मैफली, पांझरेकाठी चैत्रातली एकवीरा देवीची यात्रा, तमाशाच्या कनातीबाहेर तिकिटासाठी लोटालोटी आणि आतून येणारी ढोलकी. यातलं काहीही हलकं समजू नका. रात्रभर ऐकायची बैठक यात्रेतच तयार होते.

भारनियमनाच्या वर्षांत मात्र क्षणभर थांबा. सभागृह भरलंय, गायिकेचा बिलंबित ख्याल नुकता रंगू लागलाय, आणि लाइट जातात. पंखे थांबतात, माइक मुका होतो. जनरेटरवाला आहे, पण तो चहाला गेलाय. गायिका थांबत नाही. तंबोरे चालूच आहेत. आता तिचा आवाज फक्त तिचा आहे. मागच्या रांगांतले लोक उठून, पाय न वाजवता, पुढे येऊन जमिनीवर बसतात. तुम्हीही बसा. माइकनं इतका वेळ काय काय लपवलं होतं ते आत्ता कळतं: श्वास कुठे घेतला, कुठे राखला, खर्जात आवाज किती बारीक झाला तरी स्वर हलला नाही. दहा मिनिटांनी लाइट येतात, स्पीकर खरखरतो, आणि चार-पाच जण एकदम ओरडतात, ‘बंद करा ना भो!’

आता शेवटचा मुक्काम. जळगाव, जानेवारी. थंडी अशी की कानटोपी काढवत नाही. बालगंधर्व खुलं नाट्यगृह. हो, त्या ओसरीतल्या पोराच्याच नावाचं. इथे स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानानं बालगंधर्व संगीत महोत्सव सुरू केला. वीसहून अधिक आवृत्त्या झाल्या, पुढे तो छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहातही भरू लागला. पण तुम्ही उघड्यावरच्या एका वर्षात आला आहात आणि ते बरं झालं. गायन, वादन, नृत्य अशा तीन रात्री. डोक्यावर आभाळ, अंगावर शाल, मांडीवर थर्मास.

पडद्यामागे चला, तुमची जागा तिकडे आहे. थंडीनं तंबोऱ्यांच्या तारा एकसारख्या चढतायत. ग्रीनरूममध्ये लावले आणि मंचावर नेले की पुन्हा बेसूर. गायक वैतागलेला नाही, नुसता जवारीचा दोरा सरकवत बसलाय. तुम्ही त्याच्या हाताशी गरम पाणी ठेवता. मग तो गातो. राग कोणता ते जाहीर करत नाही, आणि मंदावलेल्या दिव्यांत रांगांमधून कुजबुज सुरू होते. कुणी चंद्रकंस म्हणतं, कुणी जोगकंस. गाणारा सगळ्यांना झुलवत ठेवतो. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसलेत. झोपले असावेत असं तुम्हाला वाटतं, तेवढ्यात समेवर त्यांची मान नेमकी पडते.

मैफल संपल्यावर खरं काम. पाहुण्यांना जेवायला घालायचं आणि भुसावळला रात्रीची गाडी गाठून द्यायची. जेवण म्हणजे शेतात काट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. तबलजी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतो. गायक गळ्याला जपून एकच घास घ्यायचं ठरवतो, आणि मग ठरवलेलं सोडून देतो.

भुसावळच्या फलाटावर गाडी दीड तास उशिरा असल्याची घोषणा होते. तंबोरे बाकावर आडवे, त्यांच्यावर तुमची शाल. आता इतका वेळ आहेच तर तुमच्यातला एक धीर करून विचारतो, ‘बुवा, ते जोगकंसच होतं ना?’ दुसरा त्याला मध्येच तोडतो, ‘तुले काय समजस रे भो, चंद्रकंस व्हता तो!’ पहिला ऐकत नाही. आवाज चढतात, चहावाला किटली खाली ठेवून ऐकायला उभा राहतो. बुवा कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. पेटीवाल्याला म्हणतात, ‘काढ रे पेटी, यांना दाखवूनच टाकू,’ आणि फलाटावरचे दोन हमाल सरकून जागा करून देतात.