वृषणांचा रक्तपुरवठा

गर्भावस्थेत वृषणे पोटात मूत्रपिंडांजवळ तयार होतात व नंतर अंडकोशात उतरतात. म्हणूनच त्यांच्या रोहिण्या पोटातील महारोहिणीतून निघून जांघेतून खाली येतात. रोहिणीभोवतीचे नीलांचे जाळे तिच्यातील रक्त थंड करते. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान आवश्यक असते. उजवी नीला थेट अधोमहानीलेस, तर डावी मूत्रपिंडाच्या नीलेस काटकोनात मिळते. त्यामुळे नीला फुगण्याचा विकार (व्हेरिकोसील) बहुधा डावीकडे आढळतो. या रक्तवाहिन्यांचा दोर पिळला गेल्यास रक्तपुरवठा थांबतो. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्यास संकोच न बाळगता त्याला पुण्यातील ससूनसारख्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडविल्यास वृषण बहुधा वाचते.