कोंडलेल्या माणसाची पुन्हा चौकशी कोण करील?

कोणी थोडेसे वेगळे वागले की पुण्याकडे म्हणतात, ‘याला येरवड्याला पाठवा.’ मुंबईकडे हेच वाक्य ‘ठाण्याला पाठवा’ असे होते. शाळेच्या आवारातही ही थट्टा ऐकू येते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची जुनी मनोरुग्णालये आहेत, म्हणून ही गावांची नावे थट्टेत आली. पण पाठवलेला माणूस परत कधी येतो, त्याला परत पाठवायचे हे कोण ठरवते आणि कोणीच ठरवले नाही तर त्याचे काय होते, हे प्रश्न त्या थट्टेत नसतात. या लेखात त्याच प्रश्नांचा इतिहास पाहायचा आहे.

सुरुवात आसाममधील एका माणसापासून करू. माचांग लालुंग हा तिवा जमातीचा तरुण. १९५१ साली वयाच्या सुमारे तेविसाव्या वर्षी त्याला गंभीर दुखापत केल्याच्या आरोपावरून अटक झाली. पुढे त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. त्याच्यावर खटला चाललाच नाही. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. तरीही त्याची सुटका झाली नाही, त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात हलवले गेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. तेव्हा त्याचे वय ७७ होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३ लाख रुपये भरपाई आणि दरमहा १,००० रुपये देण्याचा आदेश दिला. २००७ साली तो वारला.

चोपन्न वर्षांपैकी शेवटची अडतीस वर्षे तर वैद्यकशास्त्राच्या मतानेही तो बरा होता. त्याच्या बाबतीत डॉक्टरांचे निदान चुकलेले नव्हते. कोणी मुद्दाम त्याचा छळ मांडला होता असेही दिसत नाही. घडले ते एवढेच, की ‘हा माणूस अजून आत का आहे?’ असे विचारण्याचे काम कोणाकडेही नव्हते.

शिक्षेला मुदत असते, आजाराला नसते

चोरी केलेल्या माणसाला न्यायालय दोन वर्षांची शिक्षा देते. दोन वर्षे संपली की तुरुंगाचे दार उघडावेच लागते. मनोरुग्णाचे तसे नसते. त्याने बहुधा काही गुन्हाही केलेला नसतो. ‘बरा होईपर्यंत’ अशी त्याची मुदत असते, म्हणजेच मुदत नसते. शिवाय आपण बरे आहोत हे त्याने स्वतः सांगितले तर त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला जात नाही, कारण तो मनोरुग्ण आहे अशी नोंद आधीच झालेली असते.

याचा अर्थ कोणालाही कधी सक्तीने दाखल करू नये, असा नाही. तीव्र आजारात काही माणसांना आपण आजारी आहोत हेच कळेनासे होते. कोणी स्वतःचा जीव धोक्यात घालतो, कोणी दिवसेंदिवस अन्न घेत नाही. घरच्यांची रात्रंदिवस ओढाताण होते. अशा वेळी काही काळ रुग्णालयात ठेवण्यावाचून इलाज नसतो. प्रश्न आहे तो दाखल केल्यानंतरचा. हे कोणी ठरवले, कोणत्या पुराव्यावर ठरवले आणि पुन्हा कधी तपासणार? मनोरुग्णांच्या हक्कांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास होय.

बाहेरची नजर

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वेड्यांना ठेवण्याची खाजगी घरे हा एक धंदाच झाला होता. नकोशी बायको किंवा वारसाहक्काच्या आड येणारा नातलग तेथे टाकता येत असे. तक्रारी वाढल्यावर १७७४ साली कायदा झाला. अशा घरांना परवाना आणि तपासणी लागू झाली, आणि खाजगी रुग्णाला ठेवण्यासाठी डॉक्टरचा दाखला आवश्यक ठरला. मात्र लंडनच्या बेथलेमसारखी सार्वजनिक इस्पितळे या कायद्यातून वगळली होती. धर्मादाय संस्थेत वाईट काय घडणार, असा समज होता.

१८१४ साली एडवर्ड वेकफिल्ड हे गृहस्थ बेथलेम पाहायला गेले. तेथे जेम्स नॉरिस नावाचा माणूस त्यांना आढळला. त्याच्या गळ्यात लोखंडी कडे होते, ते भिंतीलगतच्या उभ्या लोखंडी दांड्याला अडकवलेले होते आणि दंड लोखंडी पट्ट्यांनी शरीराशी जखडलेले होते. या स्थितीत त्याला सुमारे दहा वर्षे झाली होती. बातमी पसरली आणि १८१५ साली संसदेच्या समितीने चौकशी केली. पुढे १८४५ च्या कायद्याने संपूर्ण देशासाठी कायमचे तपासनीस आयुक्त नेमले गेले.

या घटनेतून निघालेला धडा महत्त्वाचा आहे. बेथलेममध्ये डॉक्टर होते, विश्वस्त होते, नियमही होते. नव्हती ती बाहेरच्या माणसाची नजर. रोज पाहणाऱ्याला साखळी दिसेनाशी होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती दिसते.

निदानाचा गैरवापर

दुसरा धडा अमेरिकेतून मिळाला. इलिनॉय राज्यात पतीच्या सांगण्यावरून विवाहित स्त्रीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत असे. इतरांना लागणारा वेडाचा पुरावा तिच्या बाबतीत लागत नसे. एलिझाबेथ पॅकार्ड ही एका धर्मोपदेशकाची पत्नी होती. धर्माबद्दल तिची मते पतीहून वेगळी होती. १८६० साली पतीने तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात टाकले. तीन वर्षांनी ती सुटली, तर त्याने घरातच कोंडले. प्रकरण १८६४ साली न्यायालयात गेले तेव्हा ती शहाणी असल्याचा निर्णय द्यायला ज्यूरीला अवघी सात मिनिटे लागली. तिच्या प्रयत्नांमुळे १८६७ साली इलिनॉयमध्ये नवा कायदा झाला आणि इस्पितळात टाकण्यापूर्वी ज्यूरीपुढे सुनावणी सक्तीची ठरली.

तीन वर्षांत जे ठरले नाही ते सात मिनिटांत ठरले, कारण प्रश्न प्रथमच उघड्यावर विचारला गेला.

विसाव्या शतकात हाच प्रकार सोव्हिएत संघात सरकारी पातळीवर झाला. तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या एका प्रभावी गटाने ‘संथ गतीचा स्किझोफ्रेनिया’ अशी कल्पना मांडली होती. तिची लक्षणे इतकी सैल होती की सरकारवर टीका करण्याचा हट्टदेखील त्यांत बसवता येई. झोरेस मेदवेदेव हे जीवशास्त्रज्ञ. लायसेंकोच्या अवैज्ञानिक सिद्धांतांनी सोव्हिएत जीवशास्त्राची जी हानी केली, तिचा इतिहास त्यांनी लिहिला होता. मे १९७० मध्ये त्यांना पकडून मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. आंद्रेई साखारोव्ह यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९ दिवसांनी त्यांची सुटका झाली. ज्यांच्यासाठी ओरडणारे कोणी नव्हते अशा अनेकांना मात्र वर्षानुवर्षे आत राहावे लागले. जागतिक मनोविकार संघटनेत यावरून वादळ उठले आणि १९८३ साली हकालपट्टीची चिन्हे दिसताच सोव्हिएत शाखेने स्वतःच राजीनामा दिला.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर मोजता येते, तसे मनोविकाराचे निदान एका आकड्याने होत नाही. ते निरीक्षण आणि संभाषण यांवर आधारलेले असते. म्हणून ते खोटे ठरत नाही, पण ते दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे तपासणे अधिकच गरजेचे होते.

आपल्याकडचे कायदे

भारतात १८५८ साली ब्रिटिशांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. त्याची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली. रस्त्यात भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडावे, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि इस्पितळात पाठवावे, अशी ही पद्धत होती. तपासणीसाठी अभ्यागत नेमण्याची तरतूद होती. तरीही कायद्याचा मुख्य उद्देश समाजाचे रक्षण हा होता, रुग्णाचा उपचार हा नव्हे. स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. बहुतेक इमारती उपचारासाठी नसून कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

स्वातंत्र्यानंतरही हा १९१२ चा कायदा चार दशकांहून अधिक काळ चालू राहिला. त्याचे परिणाम १९८० नंतर न्यायालयांपुढे येऊ लागले. १९८२ साली वीणा सेठी यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने हजारीबाग तुरुंगातील कैद्यांची चौकशी केली. वेडे ठरवलेले, आणि त्यांतले काही पुढे बरेही झालेले कैदी वीस-पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथेच पडून असल्याचे उघड झाले. बिहारच्याच रुदल साह याची निर्दोष सुटका १९६८ साली झाली होती, पण प्रत्यक्ष दार उघडले १९८२ साली. मधल्या काळात त्याचे डोके ठिकाणावर नव्हते, असे उत्तर सरकारने दिले. न्यायालयाला ते पटले नाही. १९८३ साली ३० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी पश्चिम बंगालमधील तुरुंगांचा प्रश्न लावून धरला. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना इस्पितळात जागा नाही म्हणून तुरुंगात ठेवले जात होते. हे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला. ‘वेडा’ या अर्थाचा जुना शब्द कायद्यातून गेला, आणि रुग्णाला क्रूर किंवा अपमानास्पद वागणूक देऊ नये हे प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहिले गेले.

लिहिलेले सगळीकडे पोचले मात्र नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळीने बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. नॉरिसची साखळी सापडली त्याला तेव्हा १८७ वर्षे झाली होती.

२०१७ चा कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि मे २०१८ मध्ये तो अमलात आला. त्यातील काही तरतुदी वर सांगितलेल्या घटनांशेजारी ठेवून पाहिल्या, तर प्रत्येक कलमामागे कोणीतरी माणूस उभा दिसतो.

राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून, किंवा समाजाच्या नीतिकल्पना व धर्मश्रद्धा न पाळल्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. येथे पॅकार्ड आणि मेदवेदेव आठवतात. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यावे लागते. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क प्रौढ व्यक्तीला आहे.

सर्वांत महत्त्वाची तरतूद मुदतीची आहे. रुग्णाच्या संमतीवाचून दाखल करायचे तर पहिली मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची. त्यापुढे ठेवायचे असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते. ही मुदतवाढ प्रथम ९०, मग १२० आणि त्यानंतर दर वेळी १८० दिवसांपर्यंतच मिळते. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे असतात. त्यात डॉक्टर असतात, तसेच मनोविकाराचा स्वतः अनुभव घेतलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधीही असतात. ‘हा माणूस अजून आत का आहे?’ हा प्रश्न विचारणे आता ठरावीक दिवशी बंधनकारक झाले आहे. लालुंगसाठी हाच प्रश्न विचारायला चोपन्न वर्षे लागली होती.

तरीही केवळ कायद्याने सारे होत नाही. बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात हलवण्याची पद्धत महाराष्ट्रात होती. ती थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये सांगावे लागले. दार उघडले तरी जायचे कोठे? घर स्वीकारत नाही, शेजार टाळतो, नोकरी मिळत नाही. हे कुलूप कोणत्याही मंडळाला उघडता येत नाही. ते आपल्या हातात आहे.

शिक्षकांना येथे दोन गोष्टी करता येतील. नागरिकशास्त्रात व्यक्तिस्वातंत्र्याचे एकविसावे कलम शिकवताना लालुंगची हकीकत जरूर सांगावी. ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ या कोरड्या शब्दांचा अर्थ मुलांना तेव्हा नीट कळेल. आणि वर्गात कोणी ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणाले, तर रागावण्याऐवजी त्यालाच विचारावे, ‘पाठवू, पण परत आणायला कोण जाईल?’